आडवा बांध

लग्न झालेलंच नाही, अशी बातमी आली तेव्हा ती दोघं नवरा-बायको पोटरीभर खाऱ्या पाण्यात समोरासमोर उभी होती आणि दोन बाजूंनी दोर धरून पत्र्याच्या डब्याने पाणी वर चढवत होती. डबा खाली जाई, भरे, दोघं एकदम मागे रेलत आणि पाणी बांधापलीकडच्या वाफ्यात जाऊन पडे. या कामात बोलायचं नसतं. एकाचा श्वास चुकला की पाणी दुसऱ्याच्या तोंडावर येतं.

लेक बांधावरून चालत आली. चपला हातात होत्या आणि तोंडावर वाईट बातमी आणणाऱ्याची ती विनाकारण सभ्य कळा होती.

"वकिलांचा फोन होता," ती म्हणाली. "कोर्टाने सांगितलंय, तुमचं लग्न झालेलं नाही."

"कधीपासून?" बापाने विचारलं.

"पहिल्यापासून."

बाप एका पायावर उभा राहिला. विचार करायचा झाला की तो दुसरा पाय गुडघ्यात दुमडून घेई, म्हणून सगळे त्याला बगळा म्हणत. आईला सगळे मुकादमीण म्हणत. त्या मिठागरात काम करणारी माणसं दोनच होती, पण दोन माणसांतही कोणाला तरी हुकूम सोडावा लागतो.

"आणि माझं विचारलं नाहीत ते," लेक म्हणाली. "मी झालेय. वकिलांनी दोनदा सांगितलं. लग्न झालं नाही, लेक मात्र झाली, असं कोर्टाचं म्हणणं आहे."

मुकादमिणीने दोर सोडला नव्हता.

"हा डबा अर्धा भरलाय," ती म्हणाली. "ओतायचा, की तोही भरलेला नाही?"

ओतला. नंतरचेही ओतले. भरतीचं पाणी कोर्टासाठी थांबत नाही.

भानगड अशी होती. बगळ्याचं एक लग्न आधी झालं होतं, मिसरूडही नीट फुटलं नव्हतं तेव्हा. ती मुलगी काही महिने नांदली, मग म्हणाली, मला या पाण्याचा वास सोसत नाही, आणि शहरात जाऊन शिवणकाम करू लागली. थोरामोठ्यांनी बसून लग्न मोडलं, इकडची भांडी तिकडे आणि तिकडची इकडे दिली. मोडलं म्हणजे मोडलं, असं सगळ्यांनी धरलं. मडकं फुटल्यावर कोणी दाखला आणायला जातं का? मुकादमिणीलाही हे ठाऊक होतं. लपवाछपवी कोणाचीच नव्हती.

आता इतक्या वर्षांनी त्या पहिलीला एक घड्याळजी आवडला. तो काटेकोर माणूस. म्हणाला, आधीचं सगळं रीतसर संपव. तिने अर्ज केला. कोर्टाने जुनं लग्न रीतसर मोडून दिलं आणि मोडता मोडता कोर्टाच्या लक्षात आलं, की म्हणजे आजपर्यंत ते शाबूत होतं. ते शाबूत, तर दुसरं लागलंच नाही. सगळ्यांनी बंद पडलं म्हणून फडताळात टाकलेलं घड्याळ आतल्या आत चालूच होतं. घड्याळजीला हे धंद्याच्या दृष्टीने पटलं म्हणतात.

गावातल्यांनी मार्ग काढला. "उद्या परत करा लग्न. त्यात काय मोठंसं."

"कोणी विचारलंय?" मुकादमीण म्हणाली.

लोकांना वाटलं, ही फटकारतेय. ते उठून गेले. खरं तर तो साधा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर ‘कोणीच नाही’ असं होतं.

*

मिठागर बगळ्याच्या नावावर होतं. दोघांच्या घामाने घेतलेलं, पण कागदावर घामाला जागा नसते. बायको असती तर हक्क सांगता आला असता. आता ती बायको नव्हती, कधी नव्हतीच. इतकी वर्षं एक बाई येऊन कोणा परक्याच्या मिठागरात फुकट राबली होती, असा त्याचा अर्थ निघत होता. म्हणून वाटणीचा दावा लागला. दावा मुकादमिणीने लावला आणि कोर्टात तिच्या बाजूने पहिला बोलला तो बगळाच.

"अर्धं तिचं आहे, साहेब."

न्यायाधीश दमलेले गृहस्थ होते. "कशावरून?" ते म्हणाले. "काही पुरावा?"

बगळा एका पायावर गेला. मग त्याचा चेहरा उजळला.

"तिचे पाय बघा, साहेब."

सगळ्या कोर्टाने मान वळवली. मुकादमीण नवी बंद चप्पल घालून आली होती, मुद्दाम, पाय झाकले जावेत म्हणून. ती काढावी लागली. बाकावर बसून पाय पुढे करावे लागले. टाचा चुन्यासारख्या पांढऱ्या, भेगांत मीठ बसून त्या भेगा भिंतीतल्या दरजांसारख्या बुजलेल्या, नखं पिवळी आणि जाड, तळवा असा की त्यावर काच फुटावी. मागच्या बाकावर कोणीतरी "अरे बाप रे" म्हणालं आणि कोणीतरी हसलं.

न्यायाधीश खुर्चीवरून उतरले. ते खुर्चीवरून उतरलेले त्या कोर्टात कोणी पाहिले नव्हते. शिपाई घाबरून उभा राहिला. न्यायाधीश वाकले, चष्मा वर केला आणि देवळात गाभाऱ्याशी माणूस थांबतो तसे त्या पायांपाशी थांबले.

"दुखतं?" त्यांनी हळूच विचारलं.

"आता नाही," ती म्हणाली.

ते परत वर जाऊन बसले आणि त्यांनी अर्धं लिहिलं.

बाहेर आल्यावर बगळा खुशीत होता. "बघ, पायांनी काम केलं."

मुकादमीण घरापर्यंत अनवाणी चालत आली. चप्पल तिने हातात धरली होती. आता झाकायचं काय राहिलं होतं.

*

वाटणी करायला मोजणीदार आला. त्याच्या यंत्राला छत्री होती, त्याला नव्हती. तो कपाळ पुसत म्हणाला, "आधी घर उरकू."

घर म्हणजे दोन दारांचंही नव्हतं. एक खोली, पुढे एक दार, मागे एक खिडकी, मध्ये संसार. मोजणीदाराने खडूने मधोमध रेघ मारली. रेघ पलंगावरून गेली, चुलीला घसटून गेली आणि भिंतीवर चढली. दाराकडचा भाग मुकादमिणीला, खिडकीकडचा बगळ्याला. मग भांडी. ताटं, वाट्या सरळ वाटल्या गेल्या. मोठं पातेलं एकच होतं, तेव्हा पातेलं तिला आणि झाकण त्याला.

"झाकणाचं मी काय करू?" बगळ्याने विचारलं.

"माझ्याकडे फक्त निम्मं करायचे आदेश आहेत," मोजणीदार म्हणाला. "उपयोगाचं त्यात काही लिहिलेलं नाही."

मग ते मिठागरावर गेले. तिथे गेल्यावर मोजणीदारही यंत्र खाली ठेवून बघत राहिला. सगळेच राहतात. एका टोकाला समुद्र आणि त्याला अडवणारी लाकडी उघाडी. ती उघडली की भरतीचं पाणी मोठ्या तळ्यात येतं. तिथून ते एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जात राहतं, घाई न करता, उन्हात तापत, दाटत, जड होत. पहिल्या वाफ्यात ते पाण्यासारखं पाणी असतं. पुढे हिरवट होतं. शेवटच्या तापवणीच्या वाफ्यात पोचेपर्यंत ते गुलाबी झालेलं असतं, वासराच्या जिभेसारखं. त्यात अंडं सोडलं तर बुडत नाही, आणि पाय घातला तर प्रत्येक भेग कुठे आहे ते कळतं. आणि त्यापलीकडे, जमिनीच्या अंगाला, मिठाचे वाफे. सगळ्यात शेवटी. पाणी तिथे पोचतं आणि मीठ होतं.

त्या वाफ्यांची जमीन दोघांनी तुडवली होती. पाऊसकाळ सरला की दरवर्षी ओल्या चिखलावर शेजारी शेजारी उभं राहायचं, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकायचा आणि पाय आपटत सरकत जायचं, ठप-ठप, ठप-ठप, या बांधापासून त्या बांधापर्यंत आणि परत. एकट्याने हे होत नाही. एकटं माणूस एका अंगाला झुकतं आणि जमीन त्याच अंगाला कलते. लेकीच्या वयाहून जास्त वर्षं त्यांनी हे केलं होतं. लेक पोटात होती तेव्हाही केलं होतं, तिघांनी. ती जमीन आता जमीन राहिली नव्हती. ती परातीसारखी वाजायची. आभाळ तिच्यात स्वच्छ दिसायचं. मिठाच्या कणाला मातीचा डाग लागत नव्हता तो तिच्यामुळे.

"रेघ उभी पाडू की आडवी?" मोजणीदाराने विचारलं. "उभी पाडली तर प्रत्येक वाफ्यातून बांध जाईल."

प्रत्येक वाफ्यातून. त्या जमिनीवर कुदळ.

"आडवी," दोघं एकदम म्हणाली.

"दिवसभरात तुमचं पहिल्यांदा एकमत झालं," मोजणीदार म्हणाला.

आडवी रेघ बरोबर तापवणी आणि मिठाचे वाफे यांच्या मधल्या बांधावरून गेली. त्याने तिथे हद्दीचे दगड रोवले. पाणी सोडायची बांधातली तोंडं होती ती ढेकळं घालून बुजवून घेतली, कारण हद्द गळकी चालत नाही. मग एक काळा, एक पांढरा असे दोन खडे मुठीत धरून मुकादमिणीसमोर केले. तिला काळा आला. समुद्राकडची बाजू तिची. मोजणीदाराने यंत्राची छत्री मिटली आणि तो गेला.

दोघं बांधावर उभी राहिली. मग हळूहळू, पाय सुन्न होतो तसं, त्यांच्या लक्षात आलं.

समुद्र तिच्या वाट्याला आला होता. मीठ त्याच्या.

तिच्याकडे पाणीच पाणी होतं, पिकलेलं, गुलाबी, आणि ते ओतायला हातभर जमीन नव्हती. त्याच्याकडे भोवतालच्या मुलखात नसेल अशी जमीन होती आणि तिच्यावर शिंपडायला चूळभर पाणी नव्हतं. वकिलाला फोन केला. वकील म्हणाला, न्याय अगदी समसमान झालाय. आणि तसा तो झालाच होता.

*

पहिल्या दिवशी बगळ्याने खिडकीतून घरात जायला सुरुवात केली.

कोणी सांगितलं नव्हतं. पण दार तिचं होतं. वाकड्यात जायचा त्याचा स्वभाव नव्हता. त्याने एक दगड भिंतीशी आणून ठेवला, त्यावर पाय दिला, दुसरा पाय आत टाकला आणि मधल्या मध्ये थोडा वेळ खिडकीच्या चौकटीवर बसून राहिला, कारण कंबर पूर्वीसारखी नव्हती. मुकादमीण चुलीपुढे होती. तिने वर पाहिलं नाही.

बोलायचीही पंचाईत झाली होती. इतकी वर्षं ती त्याला ‘अहो’ म्हणत होती. आता तो अहो राहिला नव्हता आणि नाव तिने कधी घेतलं नव्हतं. ती हवेशी बोलू लागली. "कोणाला जेवायचं असेल तर ताट रेघेवर ठेवलंय," ती हवेला म्हणे. हवा येऊन जेवून जाई आणि ताट धुऊन रेघेवर ठेवी.

ऊन चढत होतं. मिठाच्या वाफ्यांना पाणी लागतं ते फक्त मिठासाठी नाही. जमीन उघडी राहिली की सुकते, सुकली की तडकते, आणि एकदा तडकली की ती साधी चिखलाची जमीन होते. इतक्या वर्षांचं तुडवणं एका भेगेतून निघून जातं. हे दोघांनाही शिकवावं लागत नव्हतं.

लेक दिवसातून दोनदा येऊन जाई. "बाबा, आईला विचारा ना. एक तोंड उघडलं की झालं."

"काय विचारायचं? तिला दिसतंय की."

"आई, तू दे ना सोडून."

"कोणी मागितलंय?"

"अगं, त्यांना पाहिजेय हे तुला दिसतंय ना?"

"दिसतंय," मुकादमीण म्हणाली. "मला सगळ्यांचं सगळं दिसतं. मला दिसतं म्हणून कोणी मला विचारत नाही."

बगळ्याने कावड काढली. समुद्र जवळ होता, पण मधली वाट तिच्या बाजूने होती. तेव्हा तो सरकारी बांधाने निघाला, मिठागराला पूर्ण वळसा घालून, खडकापर्यंत. तिथे दोन डबे भरायचे, कावड खांद्यावर घ्यायची आणि परत तोच वळसा. कच्चं समुद्राचं पाणी, त्याचं मीठ कधी होणार नव्हतं. ते फक्त जमिनीचे ओठ ओले ठेवायला. एक खेप शिंपडून होते तोवर पहिल्या खेपेचं वाळलेलं असे. तो बघे, डबे उचले, निघे.

दुपारी ऊन असं असे की समुद्र दिसत नसे, नुसता उजेड दिसे. त्या उजेडातून तो कावड घेऊन येताना दिसे, लांब पाय, वाकलेली मान, दोन्हीकडे डबे लटकलेले. खांद्याचं कातडं सोलवटलं. त्याने फडकं ठेवलं, ते चिकटलं. मुकादमीण उघाडीपाशी बसून बघत होती. असं काम मूर्ख माणूस करतो हे तिला कळत होतं. आणि असं काम करणारं माणूस तिने दुसरं पाहिलं नव्हतं, हेही. तिचा हात दोनदा फावड्याकडे गेला. दोनदा तिने तो मांडीखाली दाबून धरला.

चौथ्या की पाचव्या दिवशी कोळंबीवाला आला. त्याची पलीकडची सगळी तळी कोळंबीची होती. डोळ्यांवर काळा चष्मा आणि पायांत असे बूट की बांधावर चालताना तो स्वतःलाच धरून चालत होता.

"मुकादमीणबाई, तुमच्या वाट्याला तर तळंच आलंय," तो म्हणाला. "मिठाची कटकट गेली. मला द्या. गोडं पाणी मिसळतो, कोळंबी सोडतो. तुम्ही सावलीत बसा. आणि पाय…" तो थांबला. कोर्टातली गोष्ट त्याच्यापर्यंत पोचली होती. "पायांनाही आराम."

त्याने भाव सांगितला. भाव चांगला होता. इतका, की ती लेकीकडे जाऊन राहिली असती आणि कोणाच्या तोंडाकडे बघावं लागलं नसतं. तिचं पाणी एकदा कोळंबीला गेलं, की बगळ्याकडे उरणार ती नुसती तडकलेली माती. हे कोळंबीवाल्याला माहीत होतं. पुढची खरेदी त्याला स्वस्तात पडणार होती.

"उद्या सकाळी या," ती म्हणाली. "उद्या सांगते."

तो गेल्यावर ती बांध ओलांडून बगळ्याच्या बाजूला गेली. बगळा खिडकीखालच्या सावलीत कावडीला टेकून झोपला होता, तोंड उघडं, ओठांवर मिठाची पांढरी रेघ. ती चपला काढून वाफ्यात उतरली.

जमीन तापलेली होती. तिने पाय ठेवला आणि जमिनीने तो ओळखला. दुसरं कसं सांगायचं. तिचा डावा पाय तुडवताना किंचित बाहेर पडतो, तर तिच्या बाजूला तेवढाच, कळेल न कळेल असा उतार होता. शेजारी त्याचा पट्टा, सपाट, जड. दोन पट्टे या बांधापासून त्या बांधापर्यंत, मध्ये सांधा नाही. कोणतं तिचं आणि कोणतं त्याचं हे ती डोळे मिटून पायांनी सांगू शकली असती, आणि त्यांच्यामध्ये खडूची रेघ मारायला जागा सापडली नसती. वाऱ्याची झुळूक आली की जमीन बारीक झणझणत होती. ती उभी राहिली. कोर्टात सगळे तिच्या पायांकडे बघत होते तेव्हा तिला लाज वाटली होती. आता ती स्वतः बघत होती, पायांनी काय केलंय ते.

मग तिला भेग दिसली. कोपऱ्यात, केसाएवढी.

तिने बांधाखालचा ओला चिखल चिमटीत घेतला, भेगेत दाबला, अंगठ्याने सारवला. पदर ओला करून वर फिरवला. आणि गेली.

बगळा उठला. पाणी शिंपडता शिंपडता कोपऱ्याशी आला आणि थांबला. बुजवलेली भेग आणि तिच्यावर अंगठ्याचा ठसा. तो एका पायावर गेला आणि इतका वेळ तसा राहिला की एक खरोखरचा बगळा येऊन त्याच्या शेजारी उभा राहिला. दोघं आपापल्या परीने विचार करत होते. खरा बगळा आधी उडाला.

*

सकाळी दारावर टकटक झाली.

दार उघडंच होतं. ते कधी लावलेलंच नव्हतं, त्यामुळे टकटक करायला फळी हाताशी नव्हती. त्याने चौकटीवर केली.

"कोण?" मुकादमिणीने आतून विचारलं. आजूबाजूला कोसभर दुसरं घर नव्हतं.

बगळ्याने विचार केला.

"शेजारी."

"काय पाहिजे?"

"पाणी."

"आणखी?"

"तुडवायला माणूस."

"आणखी?"

सूर्य वर आला होता आणि बगळ्याची सावली दारातून आत, खडूच्या रेघेपर्यंत पडली होती. एका पायाची.

"कोर्टात पाय दाखव म्हणालो," तो म्हणाला. "ते तुला विचारून म्हणायला पाहिजे होतं."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी काय?"

"त्याआधी. अगदी आधी."

"तेव्हा मामाने विचारलं होतं."

"मामाने माझ्या बापाला विचारलं होतं. बाप हो म्हणाला. मी आत पीठ मळत होते. हात धुऊन बाहेर आले तोवर माझं ठरलं होतं."

बगळ्याला हे माहीत होतं. तो तेव्हा मामाच्या मागे उभा होता, जमिनीकडे बघत. पण पीठ मळत होती, एवढं त्याला माहीत नव्हतं. इतकी वर्षं एका डब्याचे दोन दोर ओढले आणि हे त्याला ठाऊक नव्हतं. तो थक्क झाला. समुद्र पहिल्यांदा पाहिल्यासारखा तो त्या अंधाऱ्या दारात बघत राहिला.

"मग आता मी विचारतो," तो म्हणाला.

"काय?"

"तुडवायला येशील का?"

आतून भांडं ठेवल्याचा आवाज आला. बांगड्या मागे सारल्याचा. तेवढ्यात बांधावर फटफटी थांबली आणि कोळंबीवाला हसत उतरला.

मुकादमीण दारात आली. हातात फावडं होतं. बगळ्याने तिला वाट दिली.

"काय ठरलं, बाई?" कोळंबीवाल्याने विचारलं.

"थांबा जरा," ती म्हणाली. "पाणी सोडून येते."

तो थांबला. त्याला वाटलं, व्यवहाराआधी तळं रिकामं करून देतेय, सज्जन बाई आहे. ती हद्दीच्या दगडापाशी गेली, फावड्याचा एक घाव घातला आणि बुजवलेलं ढेकूळ सरकलं. गुलाबी पाण्याची बोटभर धार पलीकडे गेली. जमिनीने ती पिऊन टाकली. आणखी थोडं. मग तिने ढेकूळ परत सारून बांधाचं तोंड बंद केलं, कारण पहिलं पाणी फक्त मऊ करायला असतं.

दोघं वाफ्यात उतरली. ती डावीकडे, तो उजवीकडे. तिने त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि तो विव्हळला, कारण तिथे कातडं नव्हतं. तिने हात थोडा मानेकडे घेतला.

ठप-ठप. ठप-ठप.

सुरुवातीला पाय चुकले. मग चुकले नाहीत. ती या बांधापासून त्या बांधापर्यंत जात आणि वळत, तोंडं समोर, आणि त्यांच्या पायांखाली जमीन मऊ व्हायची, दबायची, घट्ट व्हायची. आवाज बदलत गेला. आधी ओला होता. मग भरीव झाला. मग खालून काहीतरी उत्तर देऊ लागलं, खोल, ढोलासारखं, आणि बांधावरच्या माणसाला ते बुटांतून जाणवलं. लेक येऊन उभी राहिली होती. कोळंबीवाल्याने काळा चष्मा काढला. मग त्याने, का ते त्यालाही सांगता आलं नसतं, बूट काढले आणि तो मोज्यांवर बांधावर उभा राहिला.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे पाणी द्यायचं नाही तर."

"दिलं," मुकादमीण वाफ्यातून म्हणाली. "त्यांनी मागितलं."

त्याने बूट हातात घेतले आणि तो गेला.

संध्याकाळी तिने सगळी तोंडं उघडली. पाणी वाफ्यांत पसरलं तेव्हा पसरताना दिसलंच नाही, फक्त जमिनीचा रंग बदलत गेला, आधी गुलाबी, मग सूर्य बुडताना काय तो रंग, आणि त्यात दोघं उलटी उभी होती, डोकी खाली आणि पाय आभाळाला.

*

मीठ धरलं त्या सकाळी वारा नव्हता. आदल्या दिवशी पाण्यावर साय आली होती, फुंकर मारली तर सुरकुतणारी. आता तळाशी कण होते. पाण्याखाली, स्वच्छ, चौकोनी, प्रत्येक कडा धारदार. कोणी घडवले नव्हते. दोघं बांधावर उकिडवी बसली होती. दरवर्षी बघितलेलं होतं. तरी बगळ्याने टोपी काढली आणि मुकादमिणीने नकळत आवाज खाली आणला.

"आलं," ती म्हणाली.

"आलं," तो म्हणाला.

वाटणी कायम राहिली. पाणी तिचं, जमीन त्याची, मीठ निम्मं निम्मं. अर्धं तिच्या नावावर होतं आणि ते तिने कोणाला सोडून दिलं नाही.

"मग लग्न?" लेकीने विचारलं.

"त्यांनी तुडवायचं विचारलं, मी तुडवलं," आई म्हणाली. "लग्नाचं विचारलं तर लग्नाचं बघू."

बगळ्याला मात्र विचारायची गोडी लागली. तो सगळंच विचारू लागला. मीठ ओढायची फळी घेऊ का? बसू का? तुला पीठ मळायला आवडतं का? शेवटचा प्रश्न त्याने घमेलं डोक्यावर असताना विचारला आणि ती इतकी हसली की तिचं घमेलं पडलं, आणि सांडलेलं मीठ दोघांनी बसून वेचलं.

खिडकी त्याने सोडली नव्हती. आत जायचा तो त्याचा रस्ता होता. पण मिठाची पहिली रास लागली त्या संध्याकाळी दगडावर पाय ठेवता ठेवता तो थांबला. मग घराला वळसा घालून पुढे आला आणि दाराच्या चौकटीवर टकटक केली. दुसऱ्या हातात झाकण होतं.

मुकादमिणीने चुलीवरून पातेलं उतरवलं. उगवत्या चंद्राने दारातून आत सावली पाडली होती, एका पायाची, आणि ती नेहमीपेक्षा जास्त वेळ तशीच राहिली. म्हणजे प्रश्न मोठा होता. तिने त्याला उभं राहू दिलं. चुलीतली लाकडं मागे ओढली. पिठाचे हात होते, ते धुतले, नीट, कोपरापर्यंत, आणि पुसले.

"एक विचारायचं होतं," तो म्हणाला.

"आधी पाय धुऊन या," ती म्हणाली.